बांधलेला खांदा

दौलू वस्ताद डाव्या हातानं उजवं कोपर सांभाळत माझ्या दवाखान्याची पायरी चढले आणि बाकावर बसलेल्या पेशंटांना, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "बाहीर पाटी डॉक्टरची लागलीया, पर ह्ये पोरगं माझ्या तालमीतलं. माझ्या हाताखाली मोठं झालंय."

बाकावरच्या दोन म्हाताऱ्या कौतुकानं सरकून बसल्या. मी आत एका बाईच्या गुडघ्याला शेक देत होतो. आवाज ऐकला आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. तेवीस वर्षांत मी त्या आवाजाच्या आसपास फिरकलो नव्हतो. गावी जायचो तोसुद्धा तालमीची गल्ली चुकवून, मागच्या ओढ्यातून. डॉक्टर झाल्यापासून केरबाला शिंगं फुटली, असं गावात बोललं जायचं. मी कुणाची समजूत घालत बसलो नाही.

ही गोष्ट २००९ सालच्या दिवाळीनंतरची. गारगोटीत एस.टी. स्टँडच्या मागं माझा फिजिओथेरपीचा दवाखाना होता, अजून आहे. लकवा मारलेली माणसं, कंबर धरलेल्या बाया, प्लॅस्टरमधून सुटलेले हातपाय, सगळ्यांना मी पुन्हा हलायला शिकवतो. त्यातही खांदा ही माझी खासियत. आसपासच्या चाळीस गावांत कुणाचा खांदा आखडला की लोक सांगतात, केरबा मोहित्याकडं जा. खांद्यातच माझा हात एवढा का बसला, हे कधी कुणी विचारलं नाही.

वस्तादांना आत घेतलं. पासष्टीचा गडी, कुस्तीत फुटलेले दोन्ही कान, डोक्याला गुलाबी पटका. सदरा काढायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी मदतीला पुढं झालो नाही.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"गणपतीपास्नं. रातचं ठणकतंय. त्या कुशीवर झोपाय येत न्हाई. आन् आता पटका बांधायला हात डोईपतूर जाईना." मग भिंतीकडं बघत म्हणाले, "तुझी काकी बांधती."

मी त्यांचा हात धरला. छातीच्या वर तो त्यांना उचलता येत नव्हता, आणि मी उचलून बघितला तरी जात नव्हता. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवायला गेलो, तर आतून कडी घातलेल्या दारासारखा अडला. खांदा गोठत चालला होता. एवढं होईपर्यंत वस्तादांनी माझ्या माठातलं तीन तांबे पाणी संपवलं होतं. रात्रीत चार-पाच वेळा उठावं लागतं, असंही त्यांनी बोलता बोलता सांगितलं आणि त्याचा दोष वयाला दिला.

साखर. दुसरं काही असूच शकत नव्हतं. साखर वाढलेल्या माणसाचा खांदा असाच धरतो. अशा पेशंटला मी काय सांगायचो ते मला अजून तोंडपाठ आहे. आधी रक्त तपासून घ्या, कारण नुसता खांदा आजारी नाही, तुम्ही आजारी आहात. सकाळ-संध्याकाळ शेका. पुढं वाकून हात सैल सोडा आणि झोपाळ्यासारखा झुलवा. भिंतीवर बोटांनी चढा, सहन होईल तेवढंच, पण रोज. कुणाला ओढू देऊ नका. झोपताना काखेत उशी घ्या. जेवणात गोड कमी, पायी चालणं जास्त. आणि घाबरू नका, खांदा वर्ष-दीड वर्ष घेईल, पण सुटेल. घरच्यांनाही मी हेच समोर बसवून सांगायचो, कारण दुखणाऱ्या माणसाची चिडचिड त्यांनाच सोसायची असते.

मी हात धुतले, पुसले, आणि म्हणालो, "वस्ताद, बांधून ठेवा."

"किती दिस?"

"तीन महिने. अंगाला घट्ट. जरासुदिक हलवायचा न्हाई. वरनं लेप लावा, तुमचाच, आंबेहळदीचा."

हे ऐकून म्हातारा चपापेल अशी माझी अटकळ होती. तीन महिने हा आकडा कानावर पडला की त्याला काहीतरी आठवेल, तो माझ्याकडं बघेल, आणि केरबा आपल्याला काय देतोय हे त्याला कळेल. मला तेच हवं होतं. पण वस्तादांचा चेहरा खुलला. मिरजेला जाऊन एवढी पुस्तकं वाचून शेवटी पोरगं आपल्याच औषधावर आलं, असं ते दारातून बाहेरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. मग डोक्याचा पटका काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तूच बांध," ते म्हणाले.

मी बांधला. त्यांच्याच पद्धतीनं, काखेतून दोन वेढे, छातीवरून तीन, आणि गाठ मानेमागं. गाठ मी पुन्हा एकदा आवळली. आनंदानं.

आता तेवीस वर्षं मागची हकिकत सांगायला हवी, नाहीतर मी नुसता दुष्ट दिसेन. दुष्ट होतोच, पण त्याला कारण होतं.

१९८६ साली मी वीस वर्षांचा होतो. आमच्या खानेवाडीच्या तालमीत वस्तादांच्या हाताखाली बावीस जण मेहनत करायचे. त्यात दोघं पुढं, एक मी आणि एक वस्तादांचा मुलगा सर्जेराव. दहा लढतींतल्या सात मी मारायचो. जिल्ह्याच्या निवडीला दरवर्षी तालमीतून एकच गडी पाठवत, आणि जो तिथं निवडला जाई त्याला रेल्वेत खेळाडूच्या जागेवर नोकरी मिळे. त्या वर्षी नाव माझं ठरलं होतं. घरात मी थोरला, वडील अंथरुणाला खिळलेले. म्हणजे ती निवड नुसती माझी नव्हती, साऱ्या घराची होती.

निवडीला तीन महिने असताना सरावात मी उजव्या खांद्यावर पडलो आणि माझ्यावर सर्जेराव पडला. सांधा निखळला नव्हता, नुसता मुरगळला होता. वस्तादांनी लेप थापला, स्वतःच्या डोक्याचा पटका सोडून हात अंगाला आवळला आणि मानेमागं गाठ मारली.

त्या गाठीचा आमच्याकडं एक कायदा होता. वस्तादांनी मारलेली गाठ वस्तादांनीच सोडायची. ज्यानं आपल्या हातानं सोडली, त्यानं पुन्हा त्या लाल मातीत पाय ठेवायचा नाही. दहाव्या दिवशी ठणका थांबला तेव्हा आई म्हणाली, जरा सोडून हलवून बघ. मी तिच्यावर खेकसलो. चाळिसाव्या दिवशी बोटं सुजली. मी वस्तादांना जाऊन सांगितलं की हात लाकूड झालाय. ते म्हणाले, "हूं दे. लाकूड झालाय म्हंजी आत मुरतंय."

चौऱ्याऐंशी दिवसांनी त्यांनी गाठ सोडली. हात खांद्याइतकाही वर गेला नाही. पाचव्या दिवशी निवड होती. माझ्या जागेवर सर्जेराव गेला, निवडला गेला, आणि वर्षाच्या आत सोलापूरला रेल्वेत लागला.

मिरजेच्या एका दवाखान्यात माझा हात सुटायला दीड वर्ष लागलं. तिथं व्यायाम घेणाऱ्या बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "इतके दिवस बांधला कुणी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, मुरगळलेला खांदा. आठवड्याभरात हळूहळू हलवायला घेतला असता तर तू आज कुस्ती खेळत असतास. शत्रू होता की काय तुझा?"

त्या थट्टेत बोलल्या. मी ती थट्टा घरी आणली आणि रोज खतपाणी घालून वाढवली. पोराला पुढं काढायला बापानं दुसऱ्याच्या पोराचा हात बांधला. हिशेब सरळ होता, दोन आणि दोन चार. पुढं त्याच बाईंच्या मागं लागून मी हे शिक्षण घेतलं. केरबानं दुखण्यातून विद्या काढली, असं लोक कौतुकानं म्हणायचे. खरं सांगायचं तर वस्तादांनी माझं नेमकं काय काय बिघडवलं, हे मला समजून घ्यायचं होतं. जितकं समजत गेलं तितका राग वाढत गेला.

तर, मी बांधलेला तो पटका.

महिन्यानं वस्ताद गाठ दाखवायला आले. येताना गुऱ्हाळावरचा ताजा गूळ घेऊन आले होते. दुखणं कमी झालंय, पण हात लाकूड झालाय, असं म्हणाले.

"हूं द्या," मी म्हणालो. "लाकूड झालाय म्हंजी आत मुरतंय."

शब्दाला शब्द तोच. मी त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिलो. काहीच उमटलं नाही. "बराबर हाय," म्हणून त्यांनी मान डोलावली, डाव्या हातानं गुळाचा खडा फोडला, मला अर्धा दिला आणि अर्धा तोंडात टाकला. मी त्यांना गूळ खाऊ दिला. वर पाणीही दिलं.

ते गेल्यावर मला फार चिडचिड झाली. सूड घ्यायचा तर समोरच्याला तो लागला पाहिजे. हा माणूस माझ्या विषाला तीर्थ समजून ओंजळ पुढं करत होता. मी स्वतःला समजावलं की थांब, अजून दोन महिने आहेत. आज ना उद्या हात उचलायला जाईल, उचलणार नाही, तेव्हा आठवेल.

फेब्रुवारीत मुदत भरली. वस्ताद आले नाहीत. आठ दिवस वाट बघितली, मग मला राहवेना. चोरानं चोरीची जागा बघायला जावं तसा मी एका रविवारी सकाळी खानेवाडीला गेलो, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा तालमीच्या गल्लीतून चाललो.

दारातच हौसाकाकी, वस्तादांची बायको, भेटल्या. लहानपणी तालमीतून सुटलो की त्या आम्हाला ताक द्यायच्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि किती वर्षांनी आलास म्हणून डोळ्याला पदर लावला. मला आत जायची घाई होती.

सोप्यात वस्ताद उभे होते, उजवा हात अजून माझ्या गाठीत. काकी त्यांना धोतर नेसवत होत्या ते अर्धवट सोडून माझ्यासाठी दाराशी आल्या होत्या, म्हणून ते एका हातानं धोतराचं टोक धरून तसेच थांबले होते. अंग उतरलं होतं. मानेखाली जिथं पूर्वी दोन बोटं शिरायची नाहीत तिथं खळगा पडला होता. जो माणूस बावीस जणांना एकटा मातीत लोळवायचा, त्याला बायको लेकरासारखी कपडे घालत होती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आई, तू हे बघायला हवी होतीस.

काकी निऱ्या घालता घालता सांगत होत्या. मारुतीला दोन हात जोडता येत नाहीत म्हणून म्हातारा देवळातच जात नाही. तालमीत जातो, कोपऱ्यात बसतो आणि परत येतो. पंधरा दिवसांपूर्वी पायाला खडा लागला, ती जखम भरत नाही. मी पायाकडं बघितलं. अंगठ्याजवळ काळपट झालं होतं. साखर कुठवर पोचली होती ते मला दिसलं, आणि मी तरीही गप्प राहिलो. एवढं माझ्याच्यानं झालं, हे आज सांगायला लाज वाटते.

"ती कायबी सांगती," वस्ताद म्हणाले. "तू बघ, मुदत भरली न्हवं? का आनी म्हयनाभर ठेवू?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आतल्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. सतरा वर्षांची, केस बारीक कापलेले, पाय जमिनीत रोवल्यासारखी चालणारी. नाव कोमल. नाव ठेवताना आई-बापांना पुढचं दिसत नाही ते असं. सर्जेरावाची ही मुलगी आजोबांकडं राहून कुस्ती शिकत होती आणि गेली दोन वर्षं जिल्ह्यात तिच्या वजनात तिला पाठ टेकायला कुणी लावलं नव्हतं, हे उडत उडत माझ्या कानावर आलं होतं. तिचा उजवा हात अंगाला बांधलेला होता. गुलाबी पटका, काखेतून दोन वेढे, छातीवरून तीन, गाठ मानेमागं.

मी विचारलं, कधी लागलं. ती म्हणाली, बारा दिवस झाले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाडाला काही नाही म्हणाले, आठवडाभर हात झोळीत ठेव आणि मग व्यायाम सुरू कर. राज्याच्या संघाची निवड अठ्ठावीस दिवसांवर आली होती.

"मग ह्ये?" मी पटक्याकडं बोट केलं.

"आज्जांनी बांधलं. पप्पा सोलापूरवरनं फोनवर न्हाई म्हणत हुते. तवा आज्जा म्हणाले, माझं नका ऐकू, केरबाचं ऐका. त्यो मिरजेला शिकलाय, आन् त्यानं मला सोताला तीन महिने सांगितल्यात." तिनं आवाज खाली आणला. "काका, तीन महिने म्हंजी माझी निवड गेली. खरंच लागत्यात काय एवढं?"

सोप्यात तिघंही माझ्याकडं बघत होती. मी आधी पळवाट काढली. माणसाची जात. म्हणालो, पोरीचं वय लहान आहे, तिचं वेगळं, तुमचं वेगळं, तिची गाठ आज सोडली तरी चालेल.

"न्हाई चालत," वस्ताद म्हणाले. "खांदा त्यो खांदा. तू बी वीसच वर्सांचा हुतास की. तुझी आई सोडाय सांगत हुती, तू ऐकलं न्हाईस, म्हणून तुझा हात वाचला. आज त्याच हातानं चार लोकांचं बरं करतोयस. मी पोरीला रोज तुझंच सांगतो."

रोज माझंच सांगतो. त्या घरात तेवीस वर्षं मी वस्तादांचा वाचलेला पेशंट होतो. मी उंबऱ्यावर टेकलो.

"वस्ताद," मी म्हणालो, "माझा हात तुम्ही वाचवला न्हाईसा. तुमच्या बांधण्यानं त्यो गेला. मिरजेत दीड वरीस रडत रडत सोडवला, आन् तवर कुस्ती संपली. आन् तुम्हाला मी बांधाय सांगितलं, ते औषध न्हवतं. मला ठावं हुतं तुमचा खांदा धरणार. म्हणूनच सांगितलं."

काकींच्या हातातली निरी सुटली. वस्तादांना काही कळलं नसावं. त्यांनी कोमलकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"कशापायी?"

"सर्जेरावाला फुडं काढायला तुम्ही माझा हात बांधलासा. त्येच्यापायी."

ते उठून लाथ घालतील अशी माझी तयारी होती. खरं तर मला ती हवी होती. लाथ बसली असती तर सगळं बरोबर जुळलं असतं. पण म्हातारा जागचा हलला नाही. माझ्याकडं बघून त्यानं एकच शब्द विचारला.

"मुद्दाम?"

"व्हय."

त्यांनी डावा हात कोमलच्या डोक्यावर ठेवला. "ही सर्जाची पोर हाय, केरबा. हिला बी मी मुद्दाम बांधलं?"

तीन महिने उत्तर माझ्या डोळ्यांसमोर बसलं होतं, स्वतःच्या डोक्याचा पटका काढून माझ्या हातात देत होतं, आणि मी बघितलं नव्हतं. त्या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. त्याच्या वस्तादानं त्याला जे शिकवलं तेच त्यानं मला केलं, नातीला केलं आणि स्वतःला करून घेतलं. मला शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली. त्या क्षणी आला तो राग. तेवीस वर्षं पाळलेला माझा वैरी या म्हाताऱ्यानं एका प्रश्नात काढून घेतला होता, आणि त्या रागाच्या भरात मी बोलून गेलो.

"मुद्दाम केलं असतंसा तर बरं झालं असतं. मग माझ्या एकट्याचाच हात गेला असता."

वस्ताद हळूहळू खाली बसले. कोमल मुकाट्यानं त्यांच्यापुढं पाठमोरी बसली. त्यांनी डावा हात तिच्या मानेमागच्या गाठीला घातला. एका हातानं ती सुटेना. दुसरा हात पटक्यात होता, आणि मोकळा असता तरी तिथवर पोचला नसता. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात खाली घेतला.

"सोड तू," ते मला म्हणाले. "हिचीबी आन् माझीबी."

मी कोमलचा पटका सोडला. हात माझ्या हातात घेऊन हळूच वर नेला. कानापासून चार बोटांवर थांबला, थोडं दुखलं, पण खांदा आतून मोकळा होता. बारा दिवसांचंच बांधणं होतं. मी तिला म्हणालो, आजपासून सुरू करू, वेळ आहे. ती कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून उभी राहिली. नंतर कोमल त्या निवडीला उतरली. वस्तादांची जखम भरली, साखर आटोक्यात आली, आणि खांदाही पुढं दीड वर्षानं सुटला. दर रविवारी मी खानेवाडीला जायचो. शेक मी द्यायचो, त्यांना भिंतीवर बोटांनी चढायला लावायचो, घरातला गूळ मीच बाहेर काढला. त्याबद्दल लोक माझं अजून नाव घेतात. पण मला आठवतो तो त्या रविवारचा सोपा.

काकी शेकायचं पाणी तापवायला आत गेल्या होत्या. मी वस्तादांच्या मागं बसून त्यांची गाठ सोडत होतो. मीच मारलेली, आवळून बसली होती. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, मारुतीचं नाव घेताहेत. वाकून ऐकलं तर ती माणसांची नावं होती.

"आंदा सुतार. शामू कोळी. बाबल्या. हरी पाटलाचा थोरला, त्याला चार महिने बांधला हुता. मारत्या."

एकेका नावाला ते डाव्या हाताचं एक बोट दुमडत होते. पाच झाली की मूठ उघडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चाळीस वर्षांची तालीम. बरेच जण माझ्या ओळखीचे होते, काही आता राहिले नव्हते. मला म्हणावंसं वाटलं, बास करा वस्ताद. पण मी गाठच सोडत राहिलो, आणि तेही थांबले नाहीत. तिसऱ्यांदा मूठ उघडून पुन्हा एक बोट दुमडलं आणि तिथं ते अडले.

"तुका माळी," ते म्हणाले. मग मान वळवता येईल तेवढी वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुकाचा हात जातो काय रं वर?"

तुका माळी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आठवडी बाजाराला माझ्या दवाखान्यासमोरच भाजी घेऊन बसतो. तराजू त्यानं कायम डाव्या हातानंच उचललेला मी बघितलाय. त्याला मी दोनदा म्हटलं होतं, आत ये, हात दाखव. तो म्हणाला होता, वस्तादांनी बघितलाय, एवढाच सुटायचा होता.

म्हाताऱ्याचे डोळे माझ्या तोंडावर लागले होते. जातो म्हणालो असतो तर त्यानं विश्वास ठेवला असता. माझ्यावर त्याचा अजूनही विश्वास होता.

"न्हाई," मी म्हणालो. "जात न्हाई."